वळसोबा

हे कुणालाही खरं वाटणार नाही. वाटू नये अशीच माझी इच्छा आहे. खरं वाटलं की लोक हसायचे थांबतात, आणि उकंडा रामटेकेच्या मांडवात त्या दुपारी मला लोक हसायला हवे होते.

उकंडा गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, जेवणं झाली, भन्तेजी शेजारच्या घरी आडवे झाले. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून येत होतं. खुर्चीवर उकंडाचा फोटो, अंगात रेल्वेचा निळा कोट, गळ्यात मोगऱ्याचा हार. घराच्या चौकटीला टेकून त्याची बायको, कौतिकावहिनी, तळहातावर तंबाखू मळत बसली होती. मी ही गोष्ट सांगायला लागलो की ती नेहमी अशीच बसते. इतक्या वर्षांत मध्ये एक शब्द बोललेली नाही.

"काका, गोळ्याची सांगा," उकंडाचा जावई प्रफुल्ल म्हणाला. हा तालुक्याला मास्तर आहे. "मामाजी दरवर्षी तुम्हाला सांगायला लावायचे. आज त्यांच्या फोटोसमोर होऊन जाऊ द्या."

"खरी सांगू का खोटी?"

"तुमच्याकडं खरी आहे का एखादी?"

मांडव हसला. मी फोटोकडं पाहिलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सुरू केलं.

तळणी बाजारला गाडी आमच्या बापांच्याही आधीपासून यायची. कापसाच्या गाठी न्यायची. पुढं खाणीतला कोळसा सुरू झाला आणि एक अडचण निघाली. खाणीकडून आलेली मालगाडी स्टेशनात शिरली की इंजिन सुटायचं, फिरून शेपटाला लागायचं, आणि मग गाडी उलट्या तोंडानं वीजघराकडं निघायची. तेवढ्या वेळात ड्रायव्हर भजी खायचा, गार्ड दाढी करून घ्यायचा, फायरमन पोरींकडून संत्री घ्यायचा. अर्धं गाव त्या इंजिनाच्या फिरण्यावर पोट भरायचं. मग कुण्या साहेबाच्या डोक्यात आलं, गावात शिरायचंच कशाला? त्यानं गावाबाहेरून वळसा घालून रूळ टाकले. कोळसा परस्पर जायला लागला. रेल्वेवाले त्या लाइनीला बायपास म्हणत. गावातल्या बायकांनी तिचं नाव ठेवलं सवत. घरधनी उंबऱ्याशी न येता परस्पर जिच्याकडं जातो, तिला दुसरं काय म्हणणार?

आणि सवतीलाही सुख लाभलं नाही. खाणीत पाणी शिरलं, खाण अर्धी बुडाली. गाड्या आठवड्याला एकदोनवर आल्या. रुळांत तरोटा माजला, शेळ्या सिग्नलच्या खांबाला अंग घासायला लागल्या. गावाची भजी गेली ती गेलीच.

ह्या सवतीच्या दोन टोकांना दोन केबिनी. पूर्वेची माझी, म्हणजे दौलत चवऱ्याची. पश्चिमेची उकंडाची. लाइन एकेरी, म्हणून दोन्हीकडं एकेक लाल लोखंडी मशीन आणि मशिनीत संत्र्याएवढाले पोलादी गोळे. माझ्या मशिनीतून एक गोळा निघाला की दोन्हीकडून दुसरा निघत नाही. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, कडं ड्रायव्हरच्या हातात. ज्याच्याजवळ गोळा त्याचीच लाइन. पलीकडं पोचला की ड्रायव्हर धावत्या इंजिनातून कडं खाली फेकतो, तिकडचा माणूस गोळा आपल्या मशिनीत घालतो, घंटी वाजते, लाइन मोकळी.

मला लहानपणी विषमज्वर झाला होता. त्यात केस गेले ते पुन्हा उगवलेच नाहीत. उकंडा म्हणायचा, "दौलत, एखाद्या दिवशी गोळा नाई सापडला तर तुलेच मशिनीत टाकतो. घंटी वाजन बे."

आणि एका दिवशी गोळा सापडला नाही.

चैत्र होता. भर दुपारी आभाळ काळंनिळं झालं, वावटळ उठली आणि गारा सुरू झाल्या. नेमकी त्यातच खाणीकडून गाडी आलेली. मी तिला गोळा दिला, ती गेली. पलीकडं उकंडा डोक्यावर पोतं घेऊन उभा होता. ड्रायव्हरनं त्या धुळीत कडं फेकलं ते बाभळीच्या काट्यात जाऊन अडकलं. उकंडानं ओढून काढलं. पिशवीची शिवण उसवलेली, आत काही नाही.

माझ्याकडं घंटी वाजेना, तेव्हाच मला कळलं काहीतरी बिनसलं. पाऊस थांबल्यावर मी रुळांच्या कडेनं चालत तिकडं गेलो. उकंडा गुडघ्यांवर होता. गिट्टीतला एकेक दगड उचलून बाजूला ठेवत होता. हातांच्या बोटांतून रक्त.

"पडला कुठं असंल?" मी विचारलं.

"ते मालूम असतं तर मी दगडं मोजत बसलो असतो का?" तो म्हणाला, आणि मग वर न बघता, "दौलत, माह्या हातात आलाच नाई रे. खरंच आला नाई."

"मी कुठं म्हणतो आला म्हणून?"

"तू नाई म्हनत. पन लोक म्हनतीन."

लोकांच्या आधी साहेब म्हणाला. टोकेकर नावाचा वाहतूक इन्स्पेक्टर, उंच, नेहमी दात कोरणारा. ट्रॉलीवर बसून आला. केबिनीच्या जिन्यावर उभा राहून खाली उकंडाशी बोलला, मी बाजूला उभा.

"संत्र्याएवढं पोलाद हवेत विरघळत नाही रामटेके. कोणत्या भंगारवाल्याला दिलं?"

"साहेब, पिशवी फाटली होती."

"पिशवी फाटली का फाडली?"

उकंडाच्या मानेची शीर उडताना मला दिसली. 

"बाजाराच्या दिवशी मी परत येईन," साहेब म्हणाला. "गोळा मशिनीत असला तर ठीक. नसला तर कोट उतरवून ठेवायचा, क्वार्टर रिकामं करायचं आणि पुढचं पोलीस बघतील."

आता कोटाबद्दल सांगायला हवं. उकंडा म्हणजे उकिरडा. आधीची लेकरं गेली, हे तरी जगावं म्हणून आईनं त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं आणि तेच नाव लावलं. त्या नावानं त्याला हाका मारणारे हाका मारताना तोंडही तसंच करायचे. रेल्वेचा कोट अंगात आला आणि तीच माणसं 'रामटेके' म्हणायला लागली. त्यानं नागपूरला जाऊन धम्म घेतला, घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. कौतिकावहिनीची आई पंचक्रोशीत नावाजलेली, तिच्या अंगात देवी यायची, लांबून माणसं प्रश्न घेऊन यायची. तिची देवीची परडीसुद्धा त्यानं नदीत सोडायला लावली. वहिनीनं स्वतःच्या हातानं सोडली.

तर आम्ही गोळा शोधला. बाभळी झोडल्या, नाल्यातला गाळ उपसला. आणि एका सकाळी लाइनीपलीकडच्या बोरगव्हाणातून डफड्याचा आवाज यायला लागला. बोरगव्हाण म्हणजे छोटंसं खेडं, उकंडाच्या वस्तीचं तिकडं येणंजाणं नाही. मी तेली, मला कुठं मज्जाव नव्हता. म्हटलं बघून यावं, लग्न कुणाचं निघालं.

लग्न नव्हतं. लिंबाखाली नवा चौथरा, चौथऱ्यावर नारळांचा ढीग, आणि मधोमध शेंदरानं माखलेला, संत्र्याएवढा, गोल गरगरीत देव.

मी जागच्या जागी बसलोच.

"पाया पडा भाऊ," चौथऱ्यावरचा म्हातारा म्हणाला. झिबल पाटील त्याचं नाव. गळ्यात टॉवेल, डोळ्यांत झोप नाही, देवाजवळून हलत नव्हता. "वळसोबा हायेत. गारा पडल्या त्या दिवशी आभायातून आले. चहूकडं गहू झोपला, आमच्या गावाले गारांनं वळसा घातला. माह्या बैलाच्या खुराले लागले तवा अजून थंडगार होते. अन् अंगावर अक्षरं पाहा, बोटानं चाचपा. कोन्त्या भाषेतले हायेत ते कोनालेच वाचता येत नाई."

मला वाचता येत होतं. माझ्या केबिनीच्या नावाची इंग्रजी अक्षरं होती ती.

"पाटील," मी हळू म्हणालो, "हा रेल्वेचा गोळा आहे हो. इंजिनातून पडला. एका माणसाची नोकरी चाललीय ह्याच्यापायी."

झिबल पाटील चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं टॉवेलानं डोळे पुसले.

"माहा बाप टेसनावर हमाल होता," तो म्हणाला. "मी बी होतो. रेल्वेनं गाडी नेली, आमचं काम नेलं. येवढ्या वर्सांत ह्या सवतीनं आमाले एक वस्तू देल्ली. आता ते बी मांगायले आलात?"

मागं काठ्या टेकून माणसं उभी राहिली होती. मी नारळ फोडला, पाया पडलो आणि आलो.

उकंडा अंगणात कोटाची बटणं घासत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो आधी हसला. असा हसला की वहिनी चूल सोडून दारात आली.

"म्हंजे मी देव सोडले अन् देव माही नोकरी खायले आला!"

"साहेबाला सांग," मी म्हणालो. "पोलीस घेऊन जातील, उचलून आणतील."

"अन् मंग?" त्याचं हसू गेलं. "रामटेक्यानं देव उचलायले पोलीस आनले. वस्तीत घरं कितीशी हायेत आमची? एका काडीचं काम हाय. नाई दौलत. साहेबाले काई सांगायचं नाई. तुले माही शप्पत."

वहिनी दारातूनच म्हणाली, "मी जाऊन हात जोडू का त्या पाटलाले? देवाम्होरं डोकं टेकून—"

"कोन्या देवाम्होरं?"

ती चुलीकडं वळली.

"आयक कौतिका," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, कधीच चढवायचा नाही. "नोकरी गेली तर खडी फोडू. पन ह्या घरातलं मानूस देवाम्होरं वाकलं, तर ते माहं कोनी नाई. मंग तू असो का कोनी."

मांडवात इथं नेहमी हसू थांबतं, त्या दिवशीही थांबलं. प्रफुल्लनं सासऱ्याच्या फोटोकडं पाहिलं. वहिनीनं तंबाखूवर चुना थापटला.

बाजाराच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या केबिनीच्या पायऱ्यांशी आली. सकाळची वेळ. एवढं अंतर ती रुळांवरून पळत आली होती, पायात काही नव्हतं.

"भाऊजी, आज हे सवतीच्या रुळावर बसून होते."

"गोळा शोधत असंल."

"गोळा शोधनारं मानूस गाडीकडं पाठ करून बसत नाई." तिनं पदर तोंडात कोंबला, मग काढला. "पाहाटपासून बसले होते. ह्या लाइनीवर गाडी आठोड्याले एक येते म्हनून माहं कुंकू हाये. दुसऱ्या लाइनीवर असते तर?"

 सवतीनं गाव उपाशी मारलं, आणि गाडी येत नव्हती म्हणून माझा मित्र जिवंत होता.

"कोट गेला तर ते जगनार नाईत," ती म्हणाली. "अन् देव आनला तर मले जगवनार नाईत. सांगा आता."

 तिथंच पायऱ्यांवर एक उपाय निघाला. कुणाच्या डोक्यातून निघाला ते विचारू नका, अशा उपायाला बाप नसतो. देवाला त्या चौथऱ्यावरून फक्त देवच हलवू शकत होता. म्हणजे कुणाच्या तरी अंगात वळसोबा यायला हवा होता आणि त्यानं स्वतःच म्हणायला हवं होतं, मला इथून न्या.

"तुमच्या?" प्रफुल्लनं विचारलं, तयारीनंच.

"मग काय टोकेकर साहेबाच्या?"

मांडव पुन्हा सैल झाला. हा भाग लोकांना पाठ आहे. दौलत चवरे म्हणून मी गेलो असतो तर बोरगव्हाणातल्या शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं, रेल्वेचा माणूस. म्हणून मी बाई झालो. वहिनीनं आपलं हिरवं लुगडं मला दिलं आणि नेसवलं. माझं पोट घागरीएवढं, लुगडं नऊ वार, तरी कमी पडलं. आईचं बघून बघून तिला सगळं येत होतं, ते तिनं मला शिकवलं. आधी टाचा हलतात, मग गुडघे, मग कंबर. मान सगळ्यात शेवटी. डोळे मिटायचे नाहीत, मिटले तर लोकांना ढोंग वाटतं. शब्द लगेच काढायचा नाही, लोकांनी तीनदा विचारल्याशिवाय देव बोलत नसतो.

"वहिनी," मी म्हटलं, "काठ्या पडल्या तर?"

"पडल्या तर पडल्या," वहिनी म्हणाली. "आधी बोलून घ्यायचं, मंग मरायचं."

बाजाराच्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर बोरगव्हाणात शिरलो. पदर नाकापर्यंत. लिंबाखाली आरती चालली होती, डफडं वाजत होतं, झिबल पाटील कापूर फिरवत होता. कोण बाई, कुठली बाई, कुणी विचारलं नाही, नवसाच्या बाया रोज येत होत्या. तिकडं पश्चिमेच्या केबिनीत टोकेकर साहेबाची ट्रॉली पोचली असणार, उकंडा कोट घालून समोर उभा असणार. त्यानं सकाळीच कोटाला इस्त्री केली होती. परत देताना चुरगळलेला नको म्हणून.

आधी टाचा हलल्या.

माणसं मागं सरली. डफडंवाल्यानं बरोबर ओळखलं, त्यानं ठेका वाढवला. मग गुडघे, मग कंबर. आणि मग मान अशी काही फिरली की पदर खांद्यावर पडला, अंबाडा सुटला, केस मोकळे झाले आणि जमिनीला लागायला लागले. मागं-पुढं, मागं-पुढं, चौथऱ्यासमोरची धूळ त्या केसांनी झाडून निघाली. शेंदराचा हात तोंडावरून फिरला, तोंड लाल झालं. मी आजवर पुष्कळ अंगात आलेली माणसं पाहिली. त्यातली निम्मी मनात हसतात ते मला कळतं. पण त्या दिवशी ते तोंड पाहून मीही हात जोडले. ढोंग कुठं संपतं ते त्या तोंडावर दिसत नव्हतं.

"कोन हाये?" झिबल पाटलानं विचारलं. उत्तर नाही.

"कोन हाये बाप्पा?" पुन्हा नाही.

तिसऱ्यांदा त्यानं कापूर खाली ठेवला, हात जोडले, "कोन हायेस माय, बोल."

"मले कायले डांबलं रे?" असा आवाज निघाला की लिंबावरचे कावळे उडाले. "मी वाटसरू हावो. मी फिरतो म्हनून गारा फिरते. मले सिमिटात बसवलं, आता गारा बी इथंच बसन!"

झिबल पाटलाचा चेहरा मातीसारखा झाला. "काय करू देवा? सांगशीन ते करतो."

"माह्या घरी न्या मले. लाल घर हाये माहं, लोखंडाचं. सवतीच्या मावळतीच्या टोकाले. ज्याच्या हातातून निसटलो त्याच्याच हातानं घरात जाईन. दुसऱ्या कोनाचा हात लागला तर गाव ठेवनार नाई!"

एवढं बोलून धाडकन अंग जमिनीवर पडलं. तोंडात धूळ, डोळे पांढरे.

कुदळीनं चौथरा फुटला. परातीत तांदूळ, तांदळावर वळसोबा, परात झिबल पाटलाच्या डोक्यावर, पुढं डफडं, मागं बोरगव्हाण. सवतीच्या रुळांमधून, तरोटा तुडवत, देवाची मिरवणूक निघाली. इतकी माणसं त्या लाइनीवर ती टाकली तेव्हाही नव्हती.

"आणि तुम्ही?" प्रफुल्ल.

"मी लिंबामागं लुगडं फेडलं, आत धोतर होतंच, आणि आडवाटेनं उकंडाच्या केबिनीत हजर."

केबिनीच्या खिडकीत टोकेकर साहेब दात कोरायचा थांबला. टेबलावर घडी करून ठेवलेला निळा कोट. उकंडा शर्टवर, दोन्ही हात बाजूला, जणू मापं घेतायत त्याची. खाली एवढा जमाव बघून त्याला वाटलं, वस्ती जाळून इकडं आले. तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "कौतिका कुठं हाये?"

"सुखरूप आहे," मी म्हणालो.

झिबल पाटील परात घेऊन जिना चढला. साहेबाकडं त्यानं पाहिलंच नाही. "कोनाच्या हातातून निसटले हे?"

"माह्या," उकंडा म्हणाला.

पाटलानं त्याच्याकडं नीट पाहिलं. उकंडाची वस्ती कुठली हे त्याला ठाऊक नसेल असं नाही. हात एकदा मागं गेला. मग त्यानं परात पुढं केली. "तुयाच हातानं जातो म्हनते. घे."

उकंडानं देव उचलला. कंदिलाचं रॉकेल फडक्यावर ओतलं आणि त्याला आंघोळ घातली. शेंदराचे थर निघाले, खालून पोलाद निघालं, अक्षरं निघाली. टोकेकर साहेबानं वाकून ती वाचली आणि काडी खिशात ठेवली. उकंडानं गोळा लाल मशिनीच्या तोंडात सोडला. आत खट् झालं. आणि माझ्या केबिनीत माझ्या जागी बसवलेल्या गड्यानं तिकडून ठोका दिला. टण्ण करून घंटी वाजली.

सगळं बोरगव्हाण मशिनीसमोर आडवं झालं. झिबल पाटील रडत होता. "बोलले," म्हणत होता, "घरी पोचले, बोलले."

त्यानंतर कितीतरी वर्षं पोळ्याच्या सणाला बोरगव्हाणातून केबिनीतल्या मशिनीला नारळ यायचा. रेल्वेनं मशीन उचलून नेलं, सवत बंद पाडली, तेव्हा कुठं थांबला. उकंडा कोटावरच रिटायर झाला. ह्याच मांडवाच्या जागी बसून तो दरवर्षी म्हणायचा, "सांग बे दौलत, लुगडं कसं नेसलास." मी सांगायचो. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणायचा, "मी देव मानत नाई. दौलत मानतो. माह्या घराचं इमान राखून यानं माहा कोट राखला."

मांडवात टाळ्या पडल्या. फोटोसमोर टाळ्या वाजवाव्यात की नाही ह्या संकोचात काहींनी अर्ध्या वाजवल्या. मी टोपी उचलली.

"काका, एक मिनिट," प्रफुल्ल म्हणाला. मास्तर तो, चूक दिसली की त्याला राहवत नाही. "दरवर्षी तुम्ही सांगता पदर डोक्यावर घट्ट धरून घुमलो. आज म्हणालात पदर पडला, अंबाडा सुटला, केस जमिनीला लागले."

"बरं मग?"

"विषमज्वर लहानपणी झाला ना तुम्हाला?"

मांडव फुटला हसून. माझ्या उघड्या टकलावर मांडवातली तिरीप पडली होती, तिच्याकडं बोटं गेली. कुणी म्हणालं, "पकडलं रे म्हाताऱ्याला!" मीही हसलो. जन्म गेला खोटं बोलण्यात, असा कच्चा सापडलो नव्हतो कधी. डोक्यात नेहमीची गोष्ट होती आणि डोळ्यांपुढं त्या दिवशीचं लिंबाचं झाड आलं होतं, तिथं घोळ झाला.

"गंगावन होतं रे बाबा," मी म्हणालो. "बाजारातून आणलं होतं, चांगलं लांब. लुगडं नेसणारा माणूस गंगावन विसरेल का?"

"असं सांगा ना मग!"

हशा ओसरत होता. चौकटीशी तंबाखू मळायचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. मी तिकडं बघायचं टाळलं. फोटोकडं पाहिलं. निळा कोट, बटणं घासलेली.

"भाऊजी," कौतिकावहिनी म्हणाली.

सगळा मांडव वळला. तिनं हातातली तंबाखू खाली झटकली, पदर डोक्यावरून मागं घेतला. पांढऱ्या केसांची बारीकशी गाठ होती मानेवर.

"गंगावन नव्हतं ते," ती म्हणाली, जावयाकडं नाही, माझ्याकडं नाही, खुर्चीवरच्या फोटोकडं बघून. "केस माहे होते."